सीताफळाला चटका सोसत नाही

सीताफळाची बासुंदी करणाऱ्या घरात एक नियम कुणी न सांगता पाळला जातो. दूध आटवायचं, साखर घालायची, पातेलं उतरवून चांगलं गार होऊ द्यायचं आणि मगच गर मिसळायचा. घाई करून उकळत्या दुधात गर घातला की बासुंदी कडसर लागते, रंग मळतो आणि वरून कितीही साखर घातली तरी ती चव जात नाही. बीड जिल्ह्यात हा नियम माहीत नसणारं स्वयंपाकघर सापडणं अवघड. बालाघाटाच्या डोंगररांगेत, धारूर-अंबाजोगाईकडच्या मुरमाड उतारांवर सीताफळ कुणी न लावताही येतं, बांधाबांधावर वाढतं आणि दसऱ्याच्या सुमारास टोपल्या भरभरून रस्त्याच्या कडेला विकायला येतं. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्रही अंबाजोगाईतच आहे. एवढं सगळं असूनही हे फळ घरात खायचं तर चमच्यानं किंवा बासुंदीत, या दोन वाटांपलीकडे आपण फारसे जात नाही. तिसरी एक वाट आहे, आणि ती बासुंदीच्या त्याच नियमावरून जाते: फळांचे एकावर एक थर दिलेली जेली.

जेली म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती लग्नाच्या बुफेतली, लालभडक, थरथरणारी आणि फळाशी काडीचाही संबंध नसलेली. पाकिटातल्या भुकटीत आळवणाऱ्या द्रव्याखेरीज साखर, आंबटपणासाठी एखादं आम्ल, रंग आणि वास एवढाच ऐवज असतो. तिच्यावरून सगळ्या जेलीची परीक्षा करणं म्हणजे बाटलीतल्या पिवळ्या सरबतावरून आंब्याची करण्यासारखं आहे. खरा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडच्या ज्या चांगल्या फळांना उष्णता सोसत नाही, त्यांना न शिजवता आकार देता येईल का? येतो. पण त्यासाठी जिलेटिन नव्हे, चायना ग्रास लागतं. ही केवळ शाकाहाराची गोष्ट नाही. शाकाहार बाजूला ठेवला, तरी बीडच्या हवेत आणि बीडच्या फळांसाठी चायना ग्रासच योग्य ठरतं, असं माझं म्हणणं आहे. त्याचं कारण दोन आकड्यांत सापडतं.

ते आकडे म्हणजे ८५ आणि ४०. चायना ग्रास, म्हणजेच अगर, पाण्यात उकळून विरघळवलं की ते मिश्रण गार होत होत साधारण ४० अंश सेल्सिअसच्या खाली आल्यावर आळतं. पण एकदा आळलेली जेली पुन्हा पातळ करायची तर ४० अंश पुरत नाहीत, ८५ च्या आसपास जावं लागतं. बहुतेक पदार्थांचं असं नसतं. तूप ज्या सुमाराला थिजतं, त्याच सुमाराला वितळतं. जिलेटिनही साधारण तसंच वागतं. फ्रीजच्या थंडीत ते आळतं आणि ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान पुन्हा पातळ होतं. बीडमध्ये मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. म्हणजे जिलेटिनची जेली फ्रीजमधून काढून पाहुण्यांपुढे नेईपर्यंत तिचं सरबत व्हायला लागणार, आणि वीज गेली तर फ्रीजमध्येही तिचा भरवसा नाही. अगरची जेली मात्र ओट्यावर आळते आणि ओट्यावरच टिकून राहते.

हा फरक पहिल्यांदा गंभीरपणे कामी आला तो एका प्रयोगशाळेत, आणि तिथेही तो पोहोचला स्वयंपाकघरातूनच. १८८१-८२ च्या सुमारास बर्लिनमध्ये जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याकडे वॉल्टर हेसे हवेतल्या जंतूंवर काम करत होते. जंतू वाढवायला जिलेटिनचा थर वापरायची पद्धत होती. उन्हाळ्यात तो वितळायचा, शिवाय काही जंतू जिलेटिनच पचवून त्याचं पाणी करायचे. हेसे यांच्या पत्नी फॅनी यांनी अगर वापरून पाहायला सुचवलं. त्या फळांच्या जेलीत अगर घालत, आणि ते त्यांना जावाहून आलेल्या एका डच शेजारणीकडून कळलं होतं. उष्ण प्रदेशातल्या गृहिणींचं शहाणपण असं जर्मनीत पोहोचलं आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू अगरवरच वाढवले जातात. बीडच्या मे महिन्यातली अडचण आणि कॉख यांच्या प्रयोगशाळेतली अडचण एकच आहे. उत्तरही एकच.

आता फळांकडे येऊ. सीताफळाचा गर ६० अंशांच्या आसपास तापला की कडवटपणाकडे झुकतो, म्हणून तर बासुंदी गार करायची. मोसंबीचं दुखणं थोडं निराळं. बीड-जालना-छत्रपती संभाजीनगर हा मोसंबीचा पट्टा, पण ताजा रस काढून तासभर ठेवला की तो कडू होतो हे इथल्या रसवंतीवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. रसातला एक घटक आम्लाच्या सान्निध्यात हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात बदलतो, आणि उष्णतेनं हा बदल वेगानं होतो. डाळिंबाला कडवटपणाची भीती नाही, मात्र त्याचा रस आंबट असतो. आम्लात अगर उकळलं की त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि जेली लिबलिबीत राहते. तिन्ही फळांची तक्रार वेगवेगळी, उपाय मात्र एकच: अगर साध्या पाण्यात वेगळं उकळा, निवू द्या, आणि ते ४० वर पोहोचण्याआधी न तापवलेलं फळ त्यात मिसळा. ५० अंशांवरही अगर पातळच असतं, त्यामुळे हे जमतं. पपई, अननस आणि अंजीर तर जिलेटिनशी उभा दावाच मांडतात. या फळांच्या चिकात किंवा रसात प्रथिनं तोडणारी विकरं असतात, आणि जिलेटिन हे प्रथिनच. कच्च्या पपईचा तुकडा मटण मऊ करतो तो याच गुणानं. ताजा अननस घातलेली जिलेटिनची जेली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही आळत नाही. अगर प्रथिन नसून समुद्री शेवाळातली शर्करासाखळी असल्यामुळे विकरांचं तिथे काही चालत नाही.

शाकाहाराचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, पण त्याचं वजन कमी नाही. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनतं. तुळशीची माळ घातलेल्या वारकऱ्याला ते चालणार नाही, जैनांना चालणार नाही, आणि ज्या मुस्लिम घरात मांसाहार रोजचा आहे तिथेही ते कुठल्या जनावराचं आणि कसं मिळवलेलं, हा प्रश्न उरतोच. चायना ग्रास या तिन्ही घरांत सहसा चालतं. रमजानच्या दिवसांत दुधातलं चायना ग्रास अनेक घरांत इफ्तारला असतंच. म्हणजे हा जिन्नस आपल्याकडे नवा नाही, फक्त एका गल्लीतला दुसऱ्या गल्लीला ठाऊक नाही. तयार जेलीचं पाकीट घ्यायचंच असेल तर वेष्टनावरचा हिरवा ठिपका आणि घटकांची यादी पाहावी. त्यात ४०६ हा आकडा अगरचा आणि ४०७ हा कॅराजीननचा. दोन्ही समुद्री शेवाळातून येतात.

आता प्रत्यक्ष कृती. चायना ग्रास दोन रूपांत मिळतं: पांढऱ्या सुतळीसारख्या पट्ट्या आणि भुकटी. १० ग्रॅमचं पाकीट साधारण एक लिटर मिश्रणाला पुरतं, म्हणजे शंभराला एक हे प्रमाण लक्षात ठेवलं की पुरे. तीन थरांची, सुमारे नऊ वाट्यांची जेली करायची तर दर थराला ३ ग्रॅम अगर, त्यात पाणी किंवा दूध मिळून १५० मिलिलिटर, आणि तितकाच गर किंवा रस. भुकटी असेल तर चहाचा सपाट दीड चमचा होतो. पट्ट्या असतील तर कात्रीनं बारीक तुकडे करून अर्धा तास गार पाण्यात भिजवाव्या. इथे घाई करणाऱ्यांची जेली हमखास बिघडते, कारण अगर नुसत्या गरम पाण्यात विरघळत नाही, चांगली उकळी लागते. भुकटीला दोन-तीन मिनिटं, पट्ट्यांना सहा-सात. पळी उचलून पाहिली की तिच्यावर एकही कण दिसता कामा नये. साखर त्यानंतर घालायची, आधी घातली तर अगर विरघळायला अडतं. तिन्ही थरांचं अगर एकदम उकळून ठेवू नये. पहिला थर होईस्तोवर उरलेलं पातेल्यातच आळून बसेल. तसं झालंच तर ते पुन्हा उकळता येतं, पण त्यात फळ पडायच्या आधीच. फळ पडल्यावर उकळलं तर सगळी मेहनत वाया गेली म्हणून समजा.

पहिला थर सीताफळाचा. गर काढताना फळ मिक्सरमध्ये घालू नये. सीताफळाच्या बिया विषारी असतात. उवा मारायला त्यांची पूड लावायची जुनी रीत आहे आणि ती डोळ्यांत गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. बी अख्खी राहिली तर निभावतं, पात्यानं फुटली तर नाही. म्हणून पिकलेल्या फळाचा गर मोठ्या भोकांच्या चाळणीवर ठेवून चमच्याच्या पाठीनं हलक्या हातानं दाबायचा. बिया वर राहतात, दाणेदार गर खाली उतरतो. काम वेळखाऊ आहे हे खरं. अगर पाऊण वाटी पाण्यात उकळून त्यात तितकंच गरम दूध मिसळावं, अर्धा चमचा साखर पुरते, आणि पातेलं खाली उतरवावं. आता ते ७० अंशांपर्यंत निवायला हवं. त्यात २८ अंशांचा, म्हणजे घरात ठेवलेला, तितकाच गर घातला की मिश्रण बरोबर ४९-५० वर येतं. थर्मामीटर कुणाकडे असतो? आपल्याकडे त्याहून भरवशाचं माप आहे, विरजण लावतानाचं दूध. तो कोमटपणा ४० च्या आसपास असतो. फळ मिसळल्यावर मिश्रण त्याहून अंमळ जास्त गरम लागलं पाहिजे. विरजणाइतकं कोमट झालं असेल तर उशीर झाला, अगर आळायला लागलंच असणार. फ्रीजमधला गार गर तसाच ओतला तर जिथे तो पडतो तिथेच अगरच्या गुठळ्या होतात, म्हणून फळ तासभर आधी बाहेर काढून ठेवायचं.

मिश्रण चौकोनी डब्यात ओतलं की दहा-पंधरा मिनिटांत धरतं. उन्हाळ्यात स्वयंपाकघरच ३८ अंशांवर असेल तर मात्र ते आळायला कुरकुर करतं. तेव्हा डबा माठातल्या पाण्याच्या परातीत ठेवावा. एकदा आळल्यावर मग उकाड्याची फिकीर नाही. दुसरा थर कधी ओतायचा, यात खरी गोम आहे. जिलेटिनमध्ये गरम थर ओतला की खालचा वितळतो, म्हणून तिथे दर थराला तास-तास फ्रीजची वाट पाहावी लागते. अगरमध्ये ५० अंशांचा थर खालच्या थराला वितळवूच शकत नाही, त्याला ८५ लागतात. पण त्याच कारणानं उलटी अडचण उभी राहते. खालचा थर पुरता थंड झाला की त्याच्या अंगावर पाणी सुटतं आणि वरचा त्याला चिकटत नाही. मग कापताना थर एकमेकांवरून घसरतात, ओल्या फरशीवर पाट सरकावा तसे. म्हणून खालचा थर नुकताच धरलेला असावा. बोट टेकवलं तर किंचित चिकटावं, पण खड्डा पडू नये. उशीर झालाच तर सुटलेलं पाणी फडक्यानं टिपून काट्यानं हलके ओरखडे काढावेत. ओतताना पळी उलटी धरून तिच्या पाठीवरून धार सोडली की मऊ थराला भोक पडत नाही.

मधला थर मोसंबीचा, कारण तो अर्धपारदर्शक असतो आणि दुधाळ थरावर सोनेरी काचेसारखा दिसतो. रस अगर उतरवल्यानंतरच काढावा. सालीखालचा पांढरा भाग आणि बिया रसात येऊ देऊ नयेत, कारण कडवटपणाचं मूळ जास्त करून तिथेच असतं. वरचा थर डाळिंबाचा. दाणे मिक्सरला फार फिरवले तर बिया भरडून तुरट होतात. दोन-तीन झटके देऊन गाळले की पुरे. रस आंबट असल्यानं या थराला अगर चिमूटभर जास्त घ्यावं. डाळिंबाचा रस दुधात मात्र मिसळू नये. त्याचा लाल रंग आम्लात तेजस्वी दिसतो आणि दुधात गेला की करडा-जांभळा पडतो, म्हणून या दोन थरांच्या मध्ये मोसंबी ठेवायची. अर्ध्या तासानं डब्याच्या कडेनं सुरी फिरवून जेली ताटात उलटवावी. डाळिंब खाली जाईल आणि सीताफळ वर येईल. ज्याला लाल रंग वर हवा, त्यानं थर उलट्या क्रमानं लावावे.

या सगळ्यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे. जिलेटिन जिभेवर विरघळतं, अगर विरघळत नाही. शरीराचं तापमान ३७, अगर वितळणार ८५ ला, तेव्हा ते दातांखालीच तुटणार. युरोपीय पाककृतींत अगरला ठिसूळ म्हणून नावं ठेवतात ती यामुळेच. चव जिभेवर हळू सुटते हेही खरं, त्यासाठी रस भरपूर आणि साखर किंचित जास्त लागते. पण ठिसूळपणा हा दोष मानायचा की नाही, हे जिभेच्या सवयीवर ठरतं. ज्या प्रांतात खरवस हे पक्वान्न आहे, तिथे सुरीनं वडी कापावी, ती ओठांवर मोडावी आणि आत ओलसर लागावी, हाच आनंद आहे. थरांची अगर जेली खरवसाच्या घराण्यातली आहे. लग्नातल्या थरथरत्या लाल गोळ्याशी तिची तुलना करून तिला नापास करण्यात अर्थ नाही.

हे सगळं परकं आहे, चायना ग्रास काही आपलं नव्हे, असाही एक सूर असतो. नाव तर दुहेरी फसवं आहे. ते चीनचं नाही आणि गवतही नाही. सतराव्या शतकात जपानमधल्या एका खानावळीत उरलेली शेवाळाची जेली थंडीत बाहेर टाकली आणि ती गोठून-सुकून टिकाऊ झाली, अशी तिच्या जन्माची गोष्ट सांगतात. अगर हा शब्द मलय भाषेतला. भारतात या शेवाळाच्या जाती रामेश्वरम-मंडपमच्या किनाऱ्यावर मिळतात आणि तिथल्या कोळणी पाण्यात बुड्या मारून ते काढतात. पण परकेपणाचा हिशेब मांडायचाच झाला तर सीताफळही सुटत नाही. ते झाड मूळचं अमेरिका खंडातलं, आणि तरीही आपण त्याला सीतेचं नाव दिलं.

आक्षेप असाही येऊ शकतो: एवढं ताजं फळ असताना त्याची जेली कशाला, तसंच खावं. चांगलं मोठं सीताफळ असेल तर नक्कीच तसंच खावं, त्यावर माझा वाद नाही. जेलीचा उपयोग दुसऱ्या फळांना होतो. पिकलेलं सीताफळ दोन-तीन दिवसांच्या पुढे राहत नाही, आणि लहान, उललेली, एका बाजूनं काळवंडलेली फळं टोपलीत तशीच राहतात. घरात आलेल्या पाटीतली निम्मी अशी असतात. त्यांचा गर काढला तर तो उत्तम असतो. मात्र जेलीनं फळ टिकतं असा दावा मी करणार नाही. त्यात जाम किंवा मुरंब्याइतकी साखर नसते, म्हणून फ्रीजमध्येही ती दोन दिवसांत संपवायला हवी. शिवाय अगरच्या जाळीतून रंग हळूहळू पाझरतो. डाळिंबाची लाली दुसऱ्या दिवशी मोसंबीत उतरते आणि काल सुरीनं कापल्यासारखे दिसणारे थर आज धूसर होतात. टिकवायचं असेल तर गर डब्यात भरून गोठवावा, तो महिनोन्‌महिने चालतो, आणि मग जेली दिवाळी उलटल्यावरही करता येते.

एक सावधगिरी मात्र टाळण्यासारखी नाही. अगर तोंडात विरघळत नाही, म्हणजे घशात अडकलं तर आपोआप मोकळंही होत नाही. याच कारणानं २००४ मध्ये युरोपीय संघानं अगर आणि तत्सम पदार्थ घातलेल्या, एका घासात चोखून गिळायच्या छोट्या कपांतल्या जेलीची विक्री थांबवली. धोका अगरच्या गुणांत आहे तितकाच त्या कपाच्या आकारात, कारण तो जोरानं ओढून गिळावा असाच केलेला असतो. घरच्या जेलीला तो आकार देऊच नये. लहान मुलांसाठी शंकरपाळ्याच्या अर्ध्या मापाच्या वड्या कापाव्यात, त्यांना बसवून, चमच्यानं द्याव्यात. वरून सजावटीला डाळिंबाचे दाणे घालायचे असतील तर ते मोठ्यांच्या ताटलीत.

उन्हाळ्यात हीच कृती केशर आंब्यावर चालते. मराठवाड्याच्या केशरला स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे, आणि आंब्याचा गर सीताफळाइतका नाजूक नसल्यानं सवड थोडी अधिक मिळते. जोडीला कलिंगडाचा रस घेतला तर त्याला अगर सव्वापट लागतं, कारण त्यात पाणीच पाणी. पण ज्याला ही जेली पहिल्यांदाच करायची आहे त्यानं दसऱ्याची वाट पाहावी. तेव्हा सीताफळ, आंबिया बहराची मोसंबी आणि डाळिंब एकाच बाजारात मिळतात आणि पहाटेपर्यंत हवा इतकी निवते की डब्याला माठाच्या पाण्याचीही गरज उरत नाही.